मुकादम आणि पर्यवेक्षक

कारखान्यात कामगार व व्यवस्थापक यांच्या मध्ये उभ्या असणाऱ्या माणसाला मराठीत सर्वत्र चालेल असे एकच नाव कधी नव्हते. बांधकामावर तो मिस्त्री, गोदीत मुकादम, मुंबईच्या गिरणीत जॉबर, तर तेथील स्त्री-कामगारांच्या खात्यात नायकीण. कलकत्त्याच्या ताग-गिरण्यांत त्यासच सरदार म्हणत. ही नावे केवळ प्रांतभेदाने निराळी झालेली नाहीत. ‘मिस्त्री’ हा पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ या शब्दापासून आलेला. त्यात कसबाचा अधिकार गृहीत आहे. ‘मुकादम’ मूळचा अरबी; त्याचा अर्थ पुढे ठेवलेला, अग्रभागी असणारा. जुन्या मराठी कागदपत्रांत गावच्या पाटलास ‘मोकदम’ म्हटलेले आढळते. तेव्हा मिस्त्रीचा अधिकार कामावरचा, तर मुकादमाचा माणसांवरचा होय. ‘पर्यवेक्षक’ हा त्यांच्यानंतर आलेला घडीव संस्कृत शब्द. त्यात ना कसब आहे, ना माणसे. आहे ते केवळ पाहणे. देखरेख करणाऱ्यास शिक्षण देण्याचा प्रश्न भारतात कसा उभा राहिला, हे समजून घेण्यास हा अर्थभेद उपयोगी पडतो.

मुंबईच्या गिरण्यांत जॉबरकडे एकाच वेळी अनेक कामे होती. तो कामगार भरती करी, नव्यास काम शिकवी, साचे दुरुस्त ठेवी, रजा व बदली ठरवी आणि अडचणीत कर्जही देई. कोकण व घाट या भागांतून येणाऱ्या माणसाला त्याच्याच ओळखीने नोकरी मिळे, पुष्कळदा खोलीही. गोऱ्या किंवा पारशी मास्तरास कामगारांची भाषा व वस्ती अपरिचित असल्यामुळे हा मध्यस्थ गिरणीला सोयीचा वाटे. परंतु ज्याच्या हाती भरती, त्याच्याच हाती लाचही. व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात या दस्तुरीवर कठोर टीका केली आणि भरतीचे काम जॉबरकडून काढून कामगार-अधिकाऱ्याकडे सोपवावे, अशी शिफारस केली. पुढे १९३४ मध्ये मुंबई सरकारने तंट्यांच्या समेटाचा कायदा करून सरकारी कामगार-अधिकारी नेमला. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची पद्धत सुरू केली. जॉबरला सर्वसत्ताधीश मानणे मात्र योग्य नव्हे. राजनारायण चंदावरकर यांच्या संशोधनावरून दिसते की, त्याची सत्ता वस्तीतील संबंधांवर अवलंबून असे. आपल्या माणसांची मर्जी गमावलेला जॉबर गिरणीच्याही उपयोगाचा राहत नसे.

विदर्भात यापूर्वीच एक निराळा प्रयत्न झाला होता. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेच्या नोकरीतून आलेले. कापडधंद्याचा अनुभव त्यांना नव्हता. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, या गिरणीत सुशिक्षित तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन प्रत्यक्ष खात्यांत शिकविण्याची प्रथा पडली. मुंबईत १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेनेही कापडधंद्याचे शिक्षण दिले. पण हे दोन्ही मार्ग मास्तर व व्यवस्थापक घडविणारे होते आणि त्यांचे माध्यम इंग्रजी होते. साच्यापाशी उभा असलेला जॉबर त्यांच्या कक्षेत आला नाही. तो जे शिकला, ते दुसऱ्या जॉबरच्या हाताखाली.

त्याच्यासाठी म्हणून आखलेले शिक्षण परदेशातून आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांत एकाएकी लक्षावधी अननुभवी माणसे भरती झाली. त्यांना शिकविणार कोण, या प्रश्नातून १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही योजना निघाली. सुमारे दहा देखरेखनिसांचा एक गट, दोन-दोन तासांच्या पाच बैठका आणि तीन विषय: काम शिकविणे, कामाची पद्धत सुधारणे, माणसांशी संबंध राखणे. शिकविण्याच्या पायऱ्या चार: शिकणाऱ्याची तयारी करणे, काम करून दाखविणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. चार्ल्स ॲलन याने पहिल्या महायुद्धाच्या काळात जहाजबांधणी कामगारांसाठी वापरलेली पद्धत या पायऱ्यांच्या मुळाशी होती. शिकणाऱ्यास काम आले नाही, तर दोष शिकविणाराचा, हे तिचे गृहीत. १९४५ पर्यंत सोळा हजारांवर कारखान्यांतील सुमारे साडेसतरा लाख माणसांनी हे शिक्षण घेतले. युद्धोत्तर जपानने ते इतक्या आस्थेने स्वीकारले की, पुढे त्याचा उगम अमेरिकेत आहे याचाच अनेकांना विसर पडला.

भारतात आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांमार्फत १९५० नंतरच्या दशकात ही योजना आली. तिच्या प्रारंभीच्या केंद्रांत अहमदाबादची कापड-संशोधन संस्था ‘अटिरा’ होती. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत उत्पादकतेबरोबर या शिक्षणाचाही विभाग उभा राहिला. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली, तर १९६३ मध्ये पवईला औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय शिक्षणसंस्था. जॉबरच्या हातून भरती निघाल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी हे घडले, हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्याच्या शब्दावर नोकरी अवलंबून आहे, त्याला शिकणाऱ्याची तयारी करण्याची गरजच नसते. भीती ते काम करते. भरती व शिकवणी यांची फारकत झाल्यावरच शिकविणे हे स्वतंत्र कसब म्हणून दिसू लागले.

ही फारकत जेथे झाली नाही, तेथील चित्र वऱ्हाडात पाहावे. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यातील इंझोरी हे याच कापूसपट्ट्यातील गाव. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) या पट्ट्यातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. १८७० मध्ये खामगावला रेल्वेची शाखा पोहोचली आणि हळूहळू बाजाराच्या गावी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. गिरणी बारमाही, जिन हंगामी. रेच्यावर हाताने कापूस घालणाऱ्या स्त्रिया दसरा-दिवाळीनंतर येत आणि उन्हाळ्यात परतत. हंगामापुरत्या येणाऱ्या मजुरांची टोळी जमविणारा मुकादम अशा ठिकाणी मालकाला हवाच असे. खानदेशातील जिनांमधील पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कामाची साक्ष १८८५ च्या मुंबई कारखाना आयोगापुढे झाली. हंगामी कारखान्यांत कायद्याचा अंमल सैल असल्याची तक्रार व्हिटले आयोगापर्यंत टिकून होती. दहा जणांचा गट, पाच बैठका व नंतरची देखरेख यांना जी स्थिर माणसे लागतात, ती येथे नव्हतीच.

केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ १९५८ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नागपूरला आले. त्याची रचना तीन पायऱ्यांची: शिक्षण-अधिकारी, त्यांनी तयार केलेले कामगार-शिक्षक आणि या शिक्षकांनी आपल्याच कारखान्यात चालविलेले वर्ग. मजुरांतूनच शिक्षक निवडण्याची ही कल्पना जुन्या जॉबराच्या शिकवणीशी अधिक जवळची होती, फरक एवढाच की, या शिक्षकाला कोणाची नोकरी काढून घेता येत नसे. तिचाही आधार पुन्हा कायम कामगारच. हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदणी व मजुरीचा हिशेब मध्यस्थाकडून काढून मंडळाकडे दिला. ऊसतोडीत मात्र उचल अजूनही मुकादमाच्याच हातून मिळते, आणि नवा कोयता कसा धरावा हे नवख्याला त्याच टोळीत, काम चालू असतानाच शिकावे लागते.