पारा इकडेही, पारा तिकडेही

1957 साल. केंब्रिजमध्ये कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या आवारातल्या एका बैठ्या शेडमध्ये तुम्ही उभे आहात. जॉन केंड्र्यूच्या गटातली एक मुलगी एक्स-रे फिल्मवरच्या ठिपक्यांचा काळेपणा मोजते आहे. व्हेलच्या स्नायूतलं मायोग्लोबिन हे प्रथिन, त्याचे स्फटिक, त्यांचे हे ठिपके. आकडा वहीत गेला, की पुढचा ठिपका. काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

अडचण अशी, की फिल्म प्रत्येक ठिपक्यामागच्या लहरीची तीव्रता सांगते, तिची कला, म्हणजे ती कुठल्या टप्प्यात आहे ते, सांगत नाही. म्हणून रेणूला पाऱ्यासारखा जड अणू चिकटवून पुन्हा फिल्म काढायची आणि दोन्हींतल्या फरकावरून कला ओळखायची. मग रेणूचा आकार काढायला सुमारे 400 लहरींची बेरीज, तीही रेणूतल्या एकेका बिंदूपाशी. पूर्वी ही आकडेमोड कोसाइनची मूल्यं छापलेल्या पट्ट्या पेटीतून काढून, हाताने चाले. प्रथिनापुढे त्या पट्ट्यांनी हात टेकले असते.

तेव्हा आकडे टोचलेली कागदी फीत उचला आणि गणित प्रयोगशाळेत चला, जवळच आहे. इथला एडसॅक हा संगणक म्हणजे तीन हजार व्हॉल्व्हची धग. स्मृती पाच फुटी नळ्यांमधल्या पाऱ्यात: त्यातून ध्वनीचे ठोके फिरत राहतात, तेच आकडे. स्फटिकातही पारा, यंत्रातही पारा! सगळी मिळून स्मृती जेमतेम दोन किलोबाइट. एवढ्यात आज्ञाही मावायला हव्यात आणि आकडेही, म्हणून एकेक आज्ञा कंजुषीने लिहायची. फीत चिमट्याने दोरीवर अडकवा आणि नंबर लागेपर्यंत थांबा. यंत्राला लाउडस्पीकर जोडलेला आहे. सरावलेला कान नुसत्या आवाजावरून ओळखतो, गणित चाललंय की अडकलंय.

छापून आलेल्या आकड्यांवरून समोच्च रेषा काढायच्या, त्यांचे पारदर्शक थर रचायचे. त्यातून रेणूचं प्लॅस्टिसिनचं जे मॉडेल झालं ते वेडंवाकडं, आतड्यांच्या गुंडाळ्यासारखं. सममितीची आशा धरणाऱ्यांची निराशाच झाली. निबंध 1958 च्या मार्चमध्ये ‘नेचर’मध्ये आला, जुलैत एडसॅक बंद झाला. पुढचा, अधिक बारकाव्याचा नकाशा एडसॅक-2 वर निघाला आणि 1962 चं रसायनशास्त्राचं नोबेल केंड्र्यू आणि मॅक्स पेरुत्झ यांना मिळालं.

स्फटिकांचं हे गणित एडसॅकवर कसं करायचं, ते जॉन बेनेटने केंड्र्यूबरोबर 1952 मध्येच छापलं होतं. मायोग्लोबिनची गोष्ट सांगताना बेनेटचं नाव गाळू नका.