सुटल्यावर ते राहायला कुठे गेले?

दरवर्षी दिवाळीच्या तीनेक आठवडे आधी आमच्या घरी एक निराळीच धांदल उडते. चकल्या, कडबोळी, शंकरपाळे, अनारसे असा सगळा फराळ पिशव्यांत बंद होऊन एका खोक्यात जाऊन बसतो आणि त्या खोक्यावर माझ्या पुतण्याचा शिकागोजवळचा पत्ता मी माझ्या मास्तरी अक्षरात लिहितो. खोके पोचले की त्याचा फोन येतो. वहिनी चकल्या मोडल्या का ते विचारतात, आमची सौ. अनारसे जाळीदार झाले होते ना, याची खात्री करून घेते, आणि सर्वांत शेवटी फोन माझ्या हाती येतो.

गेल्या दिवाळीच्या फोनवर स्वारी विशेष खुशीत होती. त्याने नुकतेच तिकडे घर घेतले होते. घराचे, अंगणाचे, शेजारच्या शाळेचे कौतुक सांगून झाल्यावर तो म्हणाला, "काका, एक गोष्ट मात्र कळत नाही. कामाला जाताना मी एक रस्ता ओलांडतो. अलीकडे सगळे हिरवेगार. पलीकडे फळ्या ठोकलेल्या खिडक्या, ओस जागा. पलीकडे राहणारे बहुतेक सगळे काळे लोक. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो आणि बारा वर्षांत घर केले. ही माणसे तर दीडशे वर्षांपूर्वीच मोकळी झाली. यांना कोणी अडवले होते?"

मी नुसते "हं" म्हटले. त्या रात्री मला झोप आली नाही. कारण या पोराला शाळेत इतिहास मीच शिकवला होता.

अमेरिकेचा धडा मी कसा शिकवीत असे, ते मला चांगले आठवते. दक्षिणेतली कापसाची शेते, यादवी युद्ध, लिंकनचा १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा, आणि १८६५ साली राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरीचा शेवट. मी पुस्तक मिटत असे आणि मुले दप्तरे आवरीत. एकदाच, फार वर्षांपूर्वी, मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिचे आईबाप वीटभट्टीवर कामाला होते. भट्टी हलली की यांचे घरही हले. तिने विचारले, "गुरुजी, सुटल्यावर ते राहायला कुठे गेले?" मी म्हटले, "ते परीक्षेला नाही. बस खाली."

पुतण्याचा प्रश्न आणि त्या मुलीचा प्रश्न एकच होता. फरक इतकाच, की तिला उत्तर हवे होते आणि याने ते मनाशी ठरवून टाकले होते.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी पुस्तक वाचायचे म्हणजे शेजारी शब्दकोश घेऊन बसावे लागते. पण गेले वर्षभर मी अमेरिकेच्या इतिहासावरचे निबंध वाचीत बसलो. जाडजूड ग्रंथ नव्हेत, निबंधच. मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीला एका माणसाचे काय झाले ते सांगितले की पुरते. इतिहासाचा निबंध विचारतो, की इतक्या माणसांचे असेच का झाले? मला नेमके तेच हवे होते.

माझ्या या वाचनाचा पहिला दिवा मात्र घरचाच होता. जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' १८७३ साली निघाले. ते त्यांनी अर्पण केले अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तिथल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, या आशेने. पुण्यात बसून जोतीरावांनी सातासमुद्रापलीकडची गोष्ट आपल्या गावकुसाशी जोडली होती. हे मला पूर्वीही माहीत होते. माहीत नव्हते ते हे, की त्या अर्पणपत्रिकेची शाई वाळून चार वर्षे झाली नाहीत तोच, १८७७ साली, त्या मुक्त माणसांना वाऱ्यावर सोडून देण्यात आले.

ही हकीगत मला सांगितली ती डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय पंडिताने. हा १८६८ सालचा जन्म. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. १९०१ साली त्याने एका मासिकात निबंध लिहिला तो मुक्त गुलामांसाठी सरकारने काढलेल्या खात्यावर. वाचताना असे वाटते, की आमच्या त्या मुलीचा प्रश्न याच्याच कानी गेला असावा.

सुमारे चाळीस लाख माणसे मोकळी झाली. अंगावरच्या कपड्यांखेरीज त्यांच्यापाशी काही नव्हते. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शेर्मनने हुकूम काढला, की दक्षिणेच्या किनाऱ्यालगतची जमीन कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत यांना वाटावी. सुमारे चाळीस हजार माणसे तिथे नांगर धरून उभीही राहिली. लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला, आणि वर्ष संपायच्या आत ती जमीन जुन्या मालकांना परत देण्याचा हुकूम सुटला. पेरणारे हात रिकामे झाले. मग काय, त्याच मालकाच्या शेतात वाट्याने राबायचे, त्याच्याच दुकानातून उधारीवर दाणागोटा घ्यायचा, आणि सुगीला हिशेब केला की देणे उरायचेच. सावकाराची वही ज्यांच्या आजोबांनी पाहिली आहे, त्यांना हे फोडून सांगायला नको. सुटल्यावर ते कुठे गेले? बहुतेक जण कुठेच गेले नाहीत. त्यांना जाऊच दिले नाही.

याच ड्यू बॉइसने १९३५ साली त्या कालखंडावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या अखेरीस एक प्रकरण जोडले ते शाळेच्या क्रमिक पुस्तकांवर! अमेरिकन मुलांना काय शिकवले जाते, हे त्याने पुस्तके चाळून मांडले: मुक्त झालेले काळे लोक अडाणी होते, आळशी आणि उधळे होते, आणि त्या काळातल्या वाईट कारभाराला तेच जबाबदार होते. हे प्रकरण वाचताना माझ्या हातातली पेन्सिल थांबली. मी असले काही शिकवले नव्हते. पण धडा १८६५ ला मिटून टाकून पुढची जागा कोरी ठेवली होती. कोऱ्या जागेत मुले स्वतःच काहीतरी लिहितात. माझ्या पुतण्याने लिहिले ते हेच.

आता दुसरी बाजू. अमेरिका म्हणजे कष्टाचे फळ देणारी भूमी, ही समजूत आली कुठून? तिचाही एक निबंध आहे, आणि तोही मोठा देखणा आहे. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले होते. आपल्याला ते ठाऊक आहे स्वामी विवेकानंदांमुळे. सप्टेंबरातली सर्वधर्मपरिषद त्याच प्रदर्शनाचा भाग होती. तिच्या दोन महिने आधी, १२ जुलैला, त्याच शहरात फ्रेडरिक जॅक्सन टर्नर नावाच्या एकतीस वर्षांच्या प्राध्यापकाने इतिहासकारांपुढे निबंध वाचला. त्याचे म्हणणे असे, की अमेरिकन माणूस घडला तो पश्चिमेकडच्या मोकळ्या जमिनीमुळे. तिथे बापजाद्यांचे नाव उपयोगाचे नाही. कुऱ्हाड आणि मनगट उपयोगाचे. त्यातून आला तो स्वावलंबी स्वभाव, त्यातून आली लोकशाही. आणि १८९० च्या जनगणनेप्रमाणे आता ती वस्तीची सीमारेषाच उरली नव्हती.

निबंध वाचून मीही भारावलो. पण मोकळी जमीन म्हणजे कोणाची? १८६२ च्या कायद्याने पाच वर्षे कसणाऱ्याला १६० एकर नाममात्र पैशांत मिळत. ती सरकारने दिली, आणि सरकारने ती मूळच्या आदिवासी रहिवाशांकडून तहाने, फसवणुकीने नि बंदुकीने घेतली होती. ज्या १८९० सालाने सीमा संपवली, त्याच सालच्या डिसेंबरात वूंडेड नी येथे लाकोटा जमातीची बायकामुले सैन्याच्या गोळ्यांना बळी पडली. आणि त्या प्रदर्शनातच आयडा वेल्स ही तरुण लेखिका आणि एकेकाळचा गुलाम फ्रेडरिक डग्लस यांनी लिहिलेली एक पुस्तिका वाटली जात होती. या भव्य प्रदर्शनात आमच्या लोकांना स्थान का नाही, हा तिचा विषय. टर्नर ज्यांना विसरला, ती माणसे दारातच उभी होती.

इथे मला निबंध वाचण्याची किल्ली सापडली. टर्नर खोटे बोलत नव्हता. तो अर्धे बोलत होता. इतिहासाचा एक निबंध वाचला की मत तयार होते. त्याच्याशेजारी दुसरा ठेवला की पहिल्यात कोणाची जागा कोरी आहे, ते दिसते.

आता पुतण्याच्या रस्त्याकडे येतो. दक्षिणेतला जाच असह्य होऊन १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत आली. त्यांतली पुष्कळ शिकागोला. त्यांचे पुढे काय झाले, ते ता-नेहिसी कोट्स या लेखकाने २०१४ साली 'द अटलांटिक' मासिकातल्या निबंधात सांगितले.

१९३० नंतरच्या मंदीत सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवून घेतले. भरवशाची वस्ती हिरवी, त्याखालची निळी, मग पिवळी, आणि धोक्याची तांबडी. कृष्णवर्णीयांची वस्ती तांबडी. १९३४ पासून सरकार घरकर्जाचा विमा उतरू लागले. त्यामुळे थोडी रक्कम भरून वीस-पंचवीस वर्षांच्या हप्त्यांनी घर घेणे साध्या पगारदाराला शक्य झाले. पण विमा गोऱ्या वस्तीला. काळ्या वस्तीला तो नाही, म्हणून बँकेचे कर्जही नाही. मग तिथे दलाल शिरले. मिसिसिपीहून आलेल्या एका गृहस्थाची हकीगत कोट्सने दिली आहे. त्याने १९६१ साली शिकागोच्या नॉर्थ लॉन्डेल भागात २७,५०० डॉलरला घर घेतले. विकणाऱ्याने तेच घर सहा महिन्यांपूर्वी १२,००० ला घेतले होते. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच, आणि एक हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेले पैसेही गेले. माणसे दोन-दोन नोकऱ्या करून हप्ते भरीत. आळशी माणसे!

घर गेले की नुसते छप्पर जात नाही. तिकडे शाळा बऱ्याच अंशी त्या भागातल्या घरपट्टीवर चालतात. घराची किंमत वाढली तर मुलाच्या कॉलेजची सोय होते. म्हणजे नकाशावरचा तांबडा रंग नातवाच्या दप्तरापर्यंत उतरतो. १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग याच नॉर्थ लॉन्डेलमध्ये खोली घेऊन राहिले आणि घरांच्या हक्कासाठी मोर्चा काढताना शिकागोत त्यांना दगड बसला. घर देताना वर्णभेद करू नये, असा कायदा झाला तो एप्रिल १९६८ मध्ये, त्यांच्या खुनानंतर आठवड्याने.

आणि आम्ही? दोन बॅगांची गोष्टही तपासायला हवी होती. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना सांगितले, की हिंदी माणूस गोरा नव्हे, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. १९४६ साली दार किलकिले झाले ते वर्षाला शंभर हिंदी माणसांपुरते. दार खरे उघडले १९६५ च्या कायद्याने. आणि तो कायदा आला तो नागरी हक्कांच्या चळवळीने देशाची मान खाली घालायला लावल्यावर. ज्यांनी मार खाऊन ते दार ढकलले, त्यांचीच नातवंडे रस्त्याच्या पलीकडे राहतात.

हे सगळे मी पुतण्याला पत्रातून लिहिले. त्याच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. लेकराने रात्री जागून काढल्या आहेत. पण त्याच्या दोन बॅगांतल्या एकीत इंजिनियरिंगची पदवी होती, आणि त्याच्या बापाच्या नावावर गावात घर होते. त्याला शहाणपण शिकवताना मला माझ्या गावाचीही आठवण झाली. आमच्याकडे गावकुसाची रेषा कोणी तांबड्या शाईने काढलेली नव्हती, तरी ती सर्वांना दिसत असे, आणि "त्यांना कोणी अडवले?" हा प्रश्न आमच्या ओट्यांवरही विचारला जातोच. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ड्यू बॉइसला पत्र लिहिले, ते या दोन रेषांचे नाते ओळखूनच.

पत्राला महिनाभर उत्तर आले नाही. मला वाटले, पोरगा रागावला. मग एका रविवारी फोन आला. ते जुने रंगीत नकाशे आता कोणालाही पाहता येतात. त्याने ते काढून पाहिले होते. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून तो म्हणाला, "काका, तो रस्ता नकाशावर आहे. रंग तिथेच बदलतो."

एवढेच. मीही काही बोललो नाही.

हल्ली मी तो धडा १८६५ ला मिटत नाही. फळ्यावर तारीख लिहितो आणि तिच्याखाली त्या मुलीचा प्रश्न लिहितो. ती आता कुठे असेल, कोण जाणे. परीक्षेला तो प्रश्न आजही येत नाही. पण मुले त्यावर घंटा होईपर्यंत भांडतात.

यंदाच्या खोक्यात चकल्यांची एक पिशवी जास्त आहे. पुतण्याने सांगून मागवली. त्याच्या ऑफिसात एक बाई आहेत; त्यांचे आजी-आजोबा मिसिसिपीहून शिकागोला आले होते. त्यांना तिखट चालते का, हे आमच्या वहिनींनी तीनदा विचारून घेतले आहे.