घरातले यंत्र आणि कचेरीतले यंत्र



युनियनच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो संपावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती बहुधा खोटी ठरत नाही. आज मात्र मी थोडी वाट सोडून बोलणार आहे. रेडिओपासून मोबाइलपर्यंत जी यंत्रे आपल्या घरात आली, त्यांच्याविषयी आपण वेळोवेळी काय म्हणत होतो, हा माझा विषय. यंत्राचा इतिहास कारखानदार लिहून ठेवतो, कायद्याचा इतिहास सरकार लिहून ठेवते. विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेला माणूस टी.व्ही. घ्यावा की घेऊ नये यावर जे बोलतो, ते मात्र अंधेरी येईतो संपते आणि कोणी टिपून ठेवीत नाही. मी कॉलेजात गेलो नाही. जे वाचले ते वाचनालयात आणि याच गाडीत वाचले. तेव्हा या इतिहासाला थोडा डब्याचा वास येईल, तो चालवून घ्यावा.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. चालविणारी कंपनी खाजगी होती आणि १९३० साली तिने हात टेकले; संच घेणारी माणसे मोजकी, परवान्याचे उत्पन्न त्याहून मोजके. पुढे सरकारने तो कारभार हाती घेतला. रेडिओ बाळगावयाचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे, आणि ही पद्धत १९८० नंतरच्या दशकापर्यंत टिकली. घरात गाणे ऐकण्यासाठी सरकारची लेखी परवानगी लागे, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती हसतात. पण त्या परवान्यामुळे रेडिओ ही चैनीची वस्तू आहे, हे मत सरकारी शिक्क्यानिशी पक्के झाले होते.

सामान्य माणसाच्या मताचा पहिला मोठा विजय मला दिसतो तो १९५२ ते १९५७ या काळात. नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, म्हणजे आपलेच मराठी गृहस्थ. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत. त्यांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटविली आणि शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यांची शास्त्रीय संगीताची सेवा खोटी नव्हती. पुष्कळ मोठ्या गवयांना त्या काळी आकाशवाणीने अन्न दिले. पण लोकांनी सभा घेतली नाही, निषेधाचा ठराव केला नाही, फक्त बटण फिरविले आणि रेडिओ सिलोन लावले. १९५२ सालीच तेथे बिनाका गीतमाला सुरू झाली होती. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, सरकारला विविध भारती काढावी लागली. एवढ्या शांततेने जिंकलेला लढा मी आमच्या चळवळीत पाहिलेला नाही.

आमच्या वसईकडे रेडिओ खऱ्या अर्थाने पोचला तो ट्रान्झिस्टर आल्यावर. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ साली आली खरी, परंतु रुळावरची वीज आणि घरातली वीज या वेगळ्या गोष्टी. बागायतीतल्या कितीतरी वाड्यांत दिवा उशिरा लागला. ट्रान्झिस्टर विजेची वाट पाहत बसला नाही. केळीच्या बागेत, होडीवर, भाजीच्या पाट्यांशेजारी तो गाऊ लागला. मुंबई केंद्रावर ‘कामगार सभा’ लागे. तिच्यात सभा अशी नसेच, असत ती गाणी. तरीसुद्धा आपल्या नावाचा एक कार्यक्रम आहे, या गोष्टीचे कामगाराला अप्रूप होते. रेडिओ चैनीचा आहे, हे मत इथे संपले.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा मनोरा कोठे आणि आम्ही कोठे! आमच्याकडे अँटेना उंच बांबूवर चढवावी लागे. पावसाळ्यात वारा सुटला की एकजण कौलांवर, एकजण दारात आणि एकजण संचापुढे, अशी हाकांची साखळी लागे. ज्याच्या घरी टी.व्ही., त्याचे दार उघडे, हा अलिखित कायदा होता. मतेही त्या दाराप्रमाणे विभागली होती. ज्यांच्या घरी संच होता ते म्हणत, मुलांना ज्ञान मिळते. ज्यांच्या घरी नव्हता ते म्हणत, डोळे बिघडतात. दोन्ही पक्षांची मुले मात्र एकाच सतरंजीवर बसून ‘गजरा’ पाहत. कामगारांसाठी ‘कामगार विश्व’ होते, शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’ होते. यंत्र श्रीमंताच्या घरी असले तरी कार्यक्रम सर्वांचा असला पाहिजे, ही कल्पना त्यात होती.

१९८२ साल मी विसरू शकत नाही. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उभे राहिले. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनी दूरदर्शन रंगीत झाले आणि नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ रंगांत दिसले. ज्या महिन्यांत कोणाकडे रंगीत टी.व्ही. आला म्हणून गल्ली गोळा होत होती, त्याच महिन्यांत संपकऱ्यांच्या घरांतून भांडी, दागिने, सायकली बाहेर पडत होत्या. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. आमच्या आयुष्यात त्या एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होत्या.

आता कॉम्प्युटरकडे वळतो. ‘संगणक’ हा शब्द चांगला आहे, परंतु डब्यात तो कोणी वापरीत नाही.

कॉम्प्युटर आपल्या लोकांना प्रथम दिसला तो घरात नव्हे, आणि कचेरीतही नव्हे. १९७३ साली अंधेरीला सीप्झची वसाहत झाली, इलेक्ट्रॉनिक माल परदेशी पाठविण्यासाठी. तेथे हजारो तरुण मुली कामाला लागल्या आणि त्यांतल्या पुष्कळ पश्चिम रेल्वेच्या गाड्यांनी येत. त्यांनी केसाएवढ्या तारा जोडल्या, भिंगाखाली पाहून संगणकाचे सुटे भाग तयार केले. माल जहाजाने वा विमानाने अमेरिकेस जाई. फाटकावर झडती होई. ज्या बाईच्या बोटांनी ते यंत्र घडत होते, तिच्या घरात ते यंत्र असण्याची शक्यता त्या काळी शून्य होती. तिला कॉम्प्युटरविषयी मत विचारले असते तर तिने डोळ्यांच्या दुखण्याविषयी सांगितले असते. हे मत अडाणी आहे, असे मी म्हणणार नाही. यंत्राचे तिच्या वाट्याला जे आले, त्यावरचे ते अगदी नेमके मत आहे.

कचेरीतल्या मताचा इतिहास निराळा. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी यंत्र आत येऊ नये म्हणून इलाको हाउसपाशी रात्रंदिवस पहारा ठेवला. वाद देशभर पेटला तेव्हा सरकारने स्वयंचलित यंत्रांविषयी समिती नेमली. अध्यक्ष होते आपले पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. १९७२ साली समितीचा अहवाल आला. पुढे बँकांत ८ सप्टेंबर १९८३ रोजी करार झाला. यंत्रे किती बसवायची याला मर्यादा, कोणाला कामावरून काढायचे नाही, आणि यंत्र चालविणाऱ्यास खास भत्ता, असा त्याचा आशय होता.

या कराराची पुढे पुष्कळ टवाळी झाली. बँकवाले मागासलेले, युनियनवाले प्रगतीचे शत्रू, असे अग्रलेख निघाले. आणि टवाळीला पुरावा म्हणून एक गोष्ट हटकून सांगितली जाई. दिवसा कॉम्प्युटरविरुद्ध घोषणा देणारा कारकून संध्याकाळी आपल्या मुलाला कॉम्प्युटर क्लासला पोचवतो. दहा वर्षे गेली की तोच गृहस्थ प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून घरी यंत्र आणतो, त्यावर क्रोशाचा रुमाल घालतो, पूजा करतो, नारळ फोडतो. हा दुटप्पीपणा नव्हे तर काय?

मी हा प्रश्न तीस वर्षे ऐकत आलो आहे आणि माझे उत्तर असे आहे की, हा दुटप्पीपणा नाही. त्या कारकुनाचे मत दोन्ही ठिकाणी एकच होते. घरातले यंत्र त्याच्या मालकीचे होते. त्याने जो वेळ वाचेल, जी विद्या येईल, ती मुलाच्या पदरी पडणार होती. कचेरीतले यंत्र मालकाचे होते. त्याने जो वेळ वाचेल, तो कोणाच्या पदरी पडणार, हे कोणी लिहून देत नव्हते. १९८३ सालचा करार म्हणजे ते लिहून घेण्याचा प्रयत्न होता. त्याला यंत्रद्वेष म्हणणे म्हणजे भाडेपावती मागणाऱ्या भाडेकरूला घराचा द्वेष्टा म्हणण्यासारखे आहे. आणि भीती अगदीच खोटी होती काय? २०००–०१ साली सार्वजनिक बँकांतून स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेखाली सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. योजनेच्या नावात स्वेच्छा होती.

घरातल्या कॉम्प्युटरविषयी आमच्या भागात जी मते तयार झाली, ती कोणत्याही जाहिरातीपेक्षा शहाणी होती. यंत्र घ्यायचे लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर. फास्ट गाडी ग्रँट रोडला थांबत नाही, म्हणून मुंबई सेंट्रलला उतरून चालत जायचे. वाद एकच असे, कंपनीचा घ्यावा की सुटे भाग जोडून घ्यावा? जोडलेला स्वस्त पडे आणि मुख्य म्हणजे बिघडला तर गल्लीतला पोरगा उघडून पाहू शके. आपल्याला उघडता येते ते यंत्र आपले, ही भावना सायकलीपासून चालत आलेली होती. सॉफ्टवेअरविषयीचे मत मात्र फारसे शोभेचे नव्हते. ते दुकानदाराने फुकट भरून द्यावे, हवेचे पैसे कोणी मागतो का, असे लोक म्हणत. आपले श्रमही हवेसारखेच, हाताला न लागणारे असतात आणि आपण त्यांचे पैसे मागतो, हे सांगितले की श्रोते हसून विषय बदलीत.

पण वसईकराच्या मताला खरी धार आली ती खाडीमुळे. भाईंदरची खाडी ओलांडून अलीकडे आले की वीज दुसऱ्या मंडळाची आणि टेलिफोनही दुसऱ्या खात्याचा. पलीकडे ०२२, अलीकडे ०२५०. मुंबईहून आम्हांला फोन करावयाचा तर काही वर्षे आधी ९५ फिरवावे लागे. २००५ नंतर राज्यात भारनियमनाचा कहर झाला तेव्हा मुंबई उजळलेली आणि खाडीच्या अलीकडे तासन् तास काळोख. मुंबईतला मनुष्य हार्डडिस्क केवढी, असे विचारी. नालासोपाऱ्यातला मनुष्य यू.पी.एस. किती मिनिटे टिकतो, असे विचारी. मुलाने निबंध लिहीत आणला आणि दिवे गेले, असे ज्याच्या घरी रोज घडते, त्याचे यंत्रविषयक ज्ञान मासिके वाचून आलेले नसते. मुंबईतले मित्र म्हणत, तुम्ही विरारवाले उगाच रडता.

मराठीचा प्रश्न राहिला. आमची पत्रके आधी ट्रेडलवर निघत, मग सायक्लोस्टाइलवर, आणि मग डी.टी.पी.वाल्याकडे. ज्या फॉण्टात पत्रक केले, तो फॉण्ट दुसऱ्या यंत्रावर नसेल तर ‘कामगार बंधूंनो’ या शब्दांच्या जागी भुतांची भाषा उमटे. युनिकोड रुळेपर्यंत हा खेळ चालला. भाषा यंत्रात शिरली नाही तर माणूस यंत्राबाहेर राहतो, हे आम्ही तेव्हाच शिकलो.

म्हणूनच २०२१ साली जे झाले, त्याचे मला आश्चर्य वाटले नाही. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारने काही वर्षांपूर्वी मोबाइल दिले होते. बालकांच्या वजन-उंचीच्या नोंदी आता पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपवर भरा, असा हुकूम आला. फोन जुने झालेले, त्यांची मेमरी अपुरी, ते तापत आणि बंद पडत. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या अंगावर पडे आणि ॲप तर इंग्रजीत. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. मोर्चे मी पुष्कळ पाहिले. परंतु कामगारांनी हत्यारच मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवले, असा मोर्चा विरळा. त्या यंत्राला विरोध करीत नव्हत्या. चालणारे यंत्र द्या आणि मराठीत द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यापैकी बहुतेकींच्या घरी स्वतःचा मोबाइल होताच.

आता घरातले यंत्र आणि कचेरीतले यंत्र यांतली भिंतच पडली आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे या आमच्या वसाहतींतल्या एका कारखान्यात दीड वर्षापूर्वी हजेरीचे कार्ड बंद झाले. कामगाराने स्वतःच्या मोबाइलवर ॲप उतरवून फाटकाशी हजेरी लावावयाची. फोन त्याचा, रिचार्ज त्याचा. फोन बिघडला तर खाडा मात्र त्याच्याच नावावर. आमच्या मागणीपत्रकात आम्ही एक कलम घातले आहे की, एक तर हजेरीचे यंत्र मालकाने बसवावे, नाही तर दरमहा रिचार्जचे पैसे पगाराबरोबर द्यावेत. मालकाचे म्हणणे असे की, फोन तर तुम्ही सिनेमा पाहण्यासाठी घेतलेलाच आहे, मग भत्ता कसला? वाटाघाटीच्या तीन बैठका झाल्या. चौथी पुढच्या आठवड्यात आहे.