देवधर, दिनकर बळवंत

देवधर, दिनकर बळवंत : (१४ जानेवारी १८९२ – २४ ऑगस्ट १९९३). संस्कृतचे प्राध्यापक, क्रिकेटपटू आणि महाराष्ट्र संघाचे कर्णधार. जन्म व मृत्यू पुण्यात.

पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवत. क्रिकेटवर घर चालावे असे ते दिवस नव्हते, त्यामुळे तास संपवून मैदान गाठायचे हा त्यांचा रिवाज. १९११ मध्ये हिंदू संघाकडून ते प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळले, शेवटचा १९४६ मध्ये. पहिल्या महायुद्धाआधी सुरू झालेली ही कारकीर्द दुसरे महायुद्ध संपल्यावर थांबली. ८१ सामन्यांत त्यांनी ४,५२२ धावा केल्या.

डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांचा इंग्लिश एमसीसी संघ मुंबईत आला होता. त्या संघाविरुद्ध सी. के. नायुडूंनी मारलेल्या ११ षटकारांची आठवण आजही निघते. त्याच मुक्कामात अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा काढल्या, हे मात्र मागे पडले. भारताने पहिली कसोटी खेळली ती १९३२ मध्ये. तोवर देवधर चाळीस वर्षांचे झाले होते आणि इंग्लंडला गेलेल्या संघात त्यांना जागा मिळाली नाही. अधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही, ही भारतीय क्रिकेटची मोठी हानी.

त्यांचे खरे कर्तृत्व चाळिशीनंतरचे आहे. तेव्हा संघासोबत पगारी प्रशिक्षक सहसा नसे. पोरांना शिकवणे, धीर देणे, कोणाला केव्हा पुढे करायचे ते ठरवणे, हे सारे कर्णधाराकडेच. देवधरांच्या हाताखालच्या महाराष्ट्राची फलंदाजी खालपर्यंत चिवट होती. १९३९-४० च्या हंगामात बडोद्याविरुद्ध विजय हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. त्या डावात नवव्या जोडीसाठी हजारे आणि नागरवाला यांनी २४५ धावा जोडल्या. त्या वर्षी पुण्यातल्या अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने प्रथमच रणजी करंडक जिंकला.

पुढच्या हंगामात मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राने ६७५ धावा उभारल्या. त्यांतल्या २४६ एकट्या देवधरांच्या, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. खंडू रांगणेकरांच्या २०२ धावांच्या बळावर मुंबई ६५० पर्यंत पोहोचली, पण आघाडी घेता आली नाही. त्यानंतर उत्तर भारताविरुद्ध ७९८ धावा झाल्या आणि मद्रासमध्ये मद्रासला नमवून करंडक पुन्हा पुण्याकडे आला. मुंबईसमोर दबून खेळायचे नसते, हे पुण्याच्या पोरांना प्राध्यापकांनी स्वतः बॅट हाती घेऊन शिकवले. १९४४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतक ठोकले.

निवृत्तीनंतर ते राष्ट्रीय निवड समितीवर आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदी होते. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या मुलींनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव कमावले. १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण हे किताब त्यांना मिळाले. विभागीय संघांची एकदिवसीय देवधर करंडक स्पर्धा १९७३-७४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. पुढे त्यांनी वयाची शंभरीही पूर्ण केली.

महाराष्ट्राच्या क्रिकेटचा मुक्काम आता पिंपरी-चिंचवडच्या बाजूला सरकला आहे. संघटनेचे गहुंजे येथील मैदान शहराला लागूनच आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेल्या ऋतुराज गायकवाडने नोव्हेंबर २०२२ मध्ये हजारे यांच्याच नावाच्या करंडकात उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत महाराष्ट्र १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये पोहोचला, पण देवधरांच्या त्या दोन विजेतेपदांत अजून तिसऱ्याची भर पडलेली नाही.