खणाखणाने वाढलेले घर

कुंडलिका नदीने नव्या जालन्यापासून वेगळ्या केलेल्या जुन्या जालन्यात पूर्वी घराचा आकार खणांत सांगितला जात असे. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतराने ठरणारा घराचा भाग. दगडी जोते, मातीच्या भिंती आणि लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर देऊन केलेले माळवद, म्हणजे सपाट धाबे, अशी ही बांधणी असल्याने मिळकत वाढेल तसा एकेक खण जोडता येई आणि बेताच्या कमाईच्या कुटुंबालाही घर आवाक्यात राही. मात्र दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती घालण्याचे कष्ट चुकत नसत.

1900च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग आला, व्यापार वाढला आणि भाड्याच्या घरांची गरजही वाढली. जालना तेव्हा ज्यात होते त्या हैदराबाद राज्याच्या 1954च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, आणि ते आवश्यकच होते. परंतु भाडे गोठले की मालक दुरुस्तीकडे पाठ फिरवतो, हे त्याचे दुसरे अंग नाकारता येत नाही. 1964मध्ये महिको ही बियाणे कंपनी येथे स्थापन झाली, पुढे पोलादाचे कारखाने उभे राहिले, 1981मध्ये जालना जिल्हा झाला, आणि जमीन हीच घराच्या किमतीतील मोठी बाब ठरत गेली. माळवदाच्या जागी आलेले सिमेंटचे घर बहुधा कर्ज काढून एकदमच उभारावे लागते. खणाखणाने घर वाढवण्याची सोय गेली, ही सामान्य कुटुंबाची खरी हानी होय. भाड्याच्या घरांपुरते पाहिले तर, जालन्यासह मराठवाड्यात लागू असलेला तो 1954चा कायदा 31 मार्च 2000 रोजी अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने संपुष्टात आला.