शुष्क हवामानातील कट्यार व तिचे म्यान : नागपूरच्या संदर्भात

एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील लिलावातून सेनासाहेबसुभा रघुजी भोसले (पहिले) यांची तलवार महाराष्ट्र शासनाने मिळविली व ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. युरोपीय बनावटीचे पाते आणि त्यावरील सोनेरी देवनागरी लेख यांची त्या निमित्ताने बरीच चर्चा झाली. म्यानांकडे मात्र अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः कट्यार, बिचवा, खंजीर यांसारख्या लहान शस्त्रांच्या बाबतीत म्यान हाच अधिक नाजूक पुरावा होय. लाकडाच्या दोन फाकी, त्यांवर चामडे किंवा मखमल आणि टोकाला धातूची टोपी, अशी त्याची सामान्य रचना असते.

नागपूरची कोरडी हवा पोलादाला मानवते, हा समज अर्धाच खरा आहे. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांपलीकडे जातो. लाकूड आकसते, सांधा उकलतो, चामडे ताठरून तडकते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून पाते आवळून धरते. अशा वेळी जोर लावून कट्यार उपसल्यास म्यान उभे फाटते. त्यात प्रतापनगरसारख्या वसाहतींत घरोघरी चालणारा कूलर भर उन्हाळ्यात खोलीत ओलावा भरतो. त्याच्या झोतासमोरील भिंतीवर टांगलेले शस्त्र एकाच दिवसात दोन ऋतू सोसते.

खंडेनवमीची शस्त्रपूजा ही एका अर्थी वार्षिक तपासणीच होती : पाते उपसावे, पुसावे, तेलाचा हात द्यावा. ही प्रथा स्तुत्यच. पण चिंच, लिंबू वा पॉलिश कागदाने पाते लखलखीत करण्याचा उत्साह घातक ठरतो. पोलादातील जौहर पुसट होतो, आणि कोफ्तगिरीतील सोन्याचा पातळ थर एकदा घासला गेला की परत येत नाही. ओल्या हळदकुंकवासह पाते म्यानात सारणे तर गंजाला आमंत्रणच.

चामडे कमावताना त्यात मुरलेली आम्ले पोलादाला खातात. म्हणून पाते व म्यान वेगवेगळे, परंतु एकाच पेटीत ठेवणे इष्ट. पात्यावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर पुरेसा असतो. चामड्याला तेल चोपडू नये : ते काळवंडते, आणि पितळेशी संयोग होऊन हिरवी बुरशीसारखी पुटे धरतात. धातूला कोरडेपणा हवा, चामड्याला मध्यम ओलावा. त्यामुळे ४५ ते ५० टक्के आर्द्रतेची तडजोड करावी लागते आणि आकड्यापेक्षा तिच्या स्थिरतेला अधिक महत्त्व असते.

पाते व म्यान दोहोंना एकच क्रमांक बांधणे हे सर्वांत स्वस्त जतन. जोडी एकदा फुटली की म्यान अडगळीत जाते, आणि पात्याचा काळ व मूळ प्रदेश सांगणारी मखमल, शिवण व टोपीवरील नक्षी त्याच्याबरोबर नाहीशी होते.