मुरूम टाकूनही पाणंद रस्ता पुन्हा चिखलात का जातो? ग्रेडर, जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या फळीतला फरक

बारामती तालुक्यातलं वडगाव निंबाळकर नीरा-बारामती रस्त्यावर आहे. नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात उसाचं मोठं क्षेत्र आहे. ऊस डांबरी रस्त्यानं कारखान्यावर जातो, पण फडापासून डांबरीपर्यंतचा टप्पा बहुतेकदा मुरमाच्या पाणंद रस्त्याचा असतो. तो खचला की ट्रॉली अडकते, तोडलेला ऊस वाळतो आणि वजन घटतं. शाळेची मुलं, दुधाची गाडी आणि अडीअडचणीला रुग्णवाहिकाही याच रस्त्यानं येते.

मग दरवर्षी मुरूम पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात रस्ता पुन्हा पहिल्यासारखा होतो. असं का?

रस्ता नेमका कशानं बिघडतो?

मुरमाच्या रस्त्याचा खरा शत्रू पाणी आहे. चाकांमुळे चाकोऱ्या पडतात, त्यात पाणी साचतं आणि मागून येणारं प्रत्येक चाक ओला मुरूम खालच्या काळ्या मातीत दाबतं. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यामुळे वरचा थर टिकत नाही.

बागायती भागात हे पाणी फक्त पावसाचं नसतं. फुटलेला पाट, भरून वाहणारी चारी किंवा उसाला सोडलेलं पाणी रस्त्यावर आलं, तर भर उन्हाळ्यातही चिखल होतो. अशा ठिकाणी पाण्याला वाट न देता टाकलेला मुरूम चिखलातच जातो.

रस्त्याचा आकार कसा हवा?

कासवाच्या पाठीसारखा: मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता. मुरमाच्या रस्त्याला साधारण 3.5 ते 4 टक्के उतार लागतो. म्हणजे 3.75 मीटर रुंदीचा रस्ता मधोमध कडांपेक्षा सुमारे 7 सेंटीमीटर उंच हवा. हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. मध्यापासून कडेपर्यंत दोरी समतल धरायची आणि कडेला दोरीखाली किती अंतर राहतं ते मोजायचं.

कडेला चर हवा आणि त्याचं पाणी ओढ्यापर्यंत जायला हवं. रस्त्याच्या कडेला मातीचा उंचवटा राहिला तर पाणी चरात न उतरता रस्त्यावरूनच वाहतं.

कोणतं यंत्र काय करतं?

मोटर ग्रेडर: लांबलचक सांगाडा आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये साधारण 12 फुटांचं पातं. पातं मध्ये असल्यामुळे पुढचं चाक खड्ड्यात गेलं तरी पातं त्या मानानं थोडंच हलतं. ते तिरकं फिरवता येतं आणि एका बाजूला झुकवताही येतं. त्यामुळे कडेचा मुरूम मध्ये ओढून हवा तसा उतार काढता येतो. वेग ताशी 5 ते 8 किलोमीटरच हवा, त्याहून जास्त झाला की पातं उड्या मारतं. मात्र यंत्र मोठं असल्यामुळे अरुंद पाणंदीत ते वळवणं अवघड जातं आणि छोट्या कामासाठी आणणं महाग पडतं.

जेसीबी: गावात सहज मिळतो, म्हणून मुरूम पसरायलाही तोच बोलावला जातो. चर खोदणं, मोरीचं तोंड मोकळं करणं आणि मुरूम भरणं यात तो उत्तम. पण त्याची बकेट चाकांच्या पुढे असते. यंत्र डुललं की बकेटही वरखाली होते. अशा कामातून रस्ता बहुधा सपाट होतो, आणि सपाट रस्त्यावर पाणी थांबतं.

ट्रॅक्टरची फळी: ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला मागे जोडलेली तिरकी फळी कडेला गेलेला मुरूम मध्ये ओढते. वाळून कडक झालेला रस्ता तिला कापता येत नाही, पण ओल असताना वरचेवर डागडुजी करायला ती पुरेशी असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातले शेतकरी डी. वॉर्ड किंग यांनी हीच कल्पना लोकप्रिय केली. चिरलेल्या ओंडक्याचे दोन भाग एकामागे एक जोडायचे आणि पावसानंतर घोड्यांकडून ते रस्त्यावरून तिरके ओढायचे.

टँकर आणि रोलर: यांच्याशिवाय मुरूम मोकळाच राहतो. मुरूम एका वेळी 10 ते 15 सेंटीमीटरच्या थरात पसरावा, पाणी मारावं आणि दाबावा. रोलर कडेकडून मध्याकडे न्यायचा, म्हणजे उतार मोडत नाही.

गाडी खडखड करते त्या आडव्या लाटांचं काय?

कोरड्या, सुट्या मुरमावर वेगानं गाड्या गेल्या की चाकं उसळतात आणि लाटा तयार होतात. वरचे उंचवटे खरवडून भागत नाही, लाटा लवकरच परत येतात. लाटेच्या तळापर्यंत कापून तो माल पुन्हा पसरावा, ओला करावा आणि दाबावा लागतो. मुरमात खड्यांना धरून ठेवणारी थोडी चिकट माती हवी. ती नसेल तर रस्ता सुटतो, आणि जास्त झाली तर पावसात निसरडा होतो.

काम कधी करावं?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरताना जमिनीत ओल असते आणि उसाची वाहतूक सुरू व्हायची असते. फळी किंवा ग्रेडर फिरवायला ही चांगली वेळ. मे महिन्यात चर आणि मोऱ्या साफ कराव्यात. उन्हाळ्यात पाणी न मारता खरवडलं तर मुरमाची धूळ होऊन उडून जाते.

देखभाल कोण करणार?

नवीन रस्त्यासाठी योजना असतात. राज्य सरकारनं 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली आणि तिची रोजगार हमीशी सांगड घातली. रस्ता झाल्यानंतरची काळजी मात्र अनेकदा ग्रामपंचायत आणि शेतकऱ्यांच्या वर्गणीवर येते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्यांवर पूर्वी ठरावीक टप्पा सांभाळणारे मैलकुली असत. पाणंदीला तसा कोणी नसतो.

म्हणून ग्रामसभेत मुरमाच्या किती ट्रॉल्या पडल्या एवढंच विचारून चालत नाही. मध्याला उंची किती ठेवली, चराचं पाणी कुठे सोडलं, रोलर फिरला का आणि पावसानंतर फळी कोण फिरवणार, हे चार प्रश्न काम सुरू होण्याआधीच विचारायला हवेत.